फोटोतल्यासारखेच सहाशे

आमच्या एका मैत्रिणीचा कप मासिकात झळकला. कप म्हणजे बक्षिसाचा नव्हे, चहाचा. तिने स्वतः चाकावर घडवलेला, निळसर राखाडी, कानाजवळ ग्लेझचा एक ओघळ गोठून राहिलेला. घरसजावटीवरचं एक इंग्रजी मासिक आहे, गुळगुळीत कागदाचं, डेंटिस्टकडे चाळायला ठेवलेलं असतं तसलं. त्यात हाताने वस्तू बनवणाऱ्या छोट्या स्टुडिओंवर लेख आला आणि त्यातलं अर्धं पान हिचं! झालं, आमचा व्हॉट्सॲप ग्रुप दोन दिवस धगधगत होता. शनिवारी तिच्याकडे बाकरवडी आणि चहा ठरला. चहा अर्थातच तिच्या रिजेक्ट मालातल्या कपांतून. एकाचा कान वाकडा, एकाच्या काठाला टवका, आणि माझ्या वाट्याला आलेला कप टेबलावर ठेवला की डुगडुगायचा.

ही बाई एकेकाळी हिंजवडीत माझ्या टीममध्ये टेस्टिंगला होती. माझ्या कोडमधले बग काढून काढून तिने मला छळलं आहे. मग एके दिवशी नोकरी सोडली, कर्ज काढून विजेची भट्टी घेतली आणि धायरीकडे एक पत्र्याची शेड भाड्याने घेऊन मडकी करायला बसली. (तिच्या वडिलांचा शब्द. अजूनही ते "आमची मडकी करते" असंच सांगतात. आता मासिक आल्यापासून "सिरॅमिक्समध्ये आहे" म्हणायला लागलेत.) तिचं नाव इथे देत नाहीये, तिनेच नको म्हटलंय. का, ते पुढे येईल.

लेखात तिच्या कामाचं वर्णन करणारे तीन शब्द मोठ्या अक्षरात छापलेत. हँडमेड, अर्दी, सोलफुल. मातीच्या कपाला 'अर्दी' म्हणणं म्हणजे पाण्याला ओलं म्हणण्यापैकी आहे. सोलफुलचं मला काही कळत नाही. पण 'हँडमेड' हा शब्द मात्र गेले दोन महिने डोक्यात घोळतोय, कारण त्याच्यावरून पुढे बरंच रामायण झालं.

आधी हा 'हँड' नक्की काय करतो ते सांगतो. मला वाटायचं, चाक फिरवलं, बोटं लावली, झाला कप. टीव्हीवर तसंच दाखवतात. प्रत्यक्षात माती आधी कणकेसारखी मळायची, तिच्यात हवेचा बुडबुडा राहता कामा नये. मग गोळा चाकाच्या बरोब्बर मध्यावर आणायचा. एवढंच शिकायला हिला तीन महिने लागले. भिंत उभी करायची, रात्रभर सुकू द्यायची, दुसऱ्या दिवशी ती चामड्याइतकी घट्ट झाली की उलटी करून बूड तासायचं. कान वेगळा करून चिकटवायचा. मग आठवडाभर सावकाश वाळवायचं, कारण घाई केली तर कान आणि कप वेगवेगळ्या वेगाने आकसतात आणि जोडावर चीर जाते. पहिली भाजणी साधारण 950 ते 1000 अंशांना. नंतर ग्लेझमध्ये बुडवून दुसरी भाजणी, 1200 अंशांच्या पुढे. ह्या सगळ्यात माती दहा-बारा टक्के आकसते. म्हणजे चाकावर 11 सेंटीमीटर उंच असलेला कप भट्टीतून निघताना दहाच्याही खाली आलेला असतो. शिवाय 573 अंशांना मातीतल्या क्वार्ट्झची रचना एकदम बदलते, आकारमान उडी मारतं. भट्टी तापताना आणि निवताना तो टप्पा हळूहळू ओलांडला नाही तर कपाला तडा ठरलेला. आणि भट्टी बंद केल्यावर उघडायला एक-दीड दिवस थांबायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर रिलीज करा आणि दीड दिवस लॉग बघू नका!

बाई मूळची टेस्टर असल्यामुळे तिच्याकडे एक वही आहे. प्रत्येक भट्टीचा नंबर, कुठल्या फळीवर काय ठेवलं, किती वाजता किती तापमान, आणि प्रत्येक मेलेल्या कपाचं कारण. 'भट्टी 31, वरची फळी, डावीकडे. ग्लेझ पळालं. जाड लावलं होतं.' फोटोत झळकलेला तो सुंदर ओघळ वहीत बग म्हणून नोंदलेला आहे. मी विचारलं तर म्हणाली, "अरे, खाली फळीला चिकटायला अर्धा सेंटीमीटर बाकी होता. नशीब म्हणून वाचला तो."

आता मासिकाने तिच्याबद्दल आणखी एक शब्द छापलाय, 'सेल्फ-टॉट'. स्वतःच शिकलेली. ह्या शब्दाने मात्र ती भडकली. मुलाखतीत तिने पंधरा मिनिटं सांगितलं होतं की कुणाकुणाकडून काय काय शिकले. कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातले एक काका, त्यांच्याकडे वर्षभर दर रविवारी जाऊन हिने चाक शिकलं. निर्मला पटवर्धनांचं 'हँडबुक फॉर पॉटर्स' हे पुस्तक, त्याच्या पानांवर हिच्या बोटांचे इतके मातकट ठसे आहेत की काही पाककृती आता अंदाजानेच वाचाव्या लागतात. आणि पुदुच्चेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीत तयार झालेल्या एका कलाकाराचं पंधरा दिवसांचं शिबिर. ही गोल्डन ब्रिज रे मीकर आणि डेबोरा स्मिथ या दोघांनी 1971 साली सुरू केली. आज आपल्याकडे स्टुडिओ पॉटरी करणाऱ्या कुणालाही खरवडलं तर गुरू किंवा गुरूचा गुरू तिथला निघण्याची शक्यता बरीच. एवढी सगळी परंपरा छपाईत एका जोडशब्दात उडाली. आपण एखादं ॲप लिहायचं, त्याच्या पोटात दोनशे ओपन सोर्स लायब्रऱ्या असायच्या, आणि खाली लिहायचं 'पूर्णपणे मी केलं'. तसंच हे.

मासिक घेऊन ती काकांकडे गेली, मीही सोबत गेलो. मेट्रोला आता कसबा पेठ नावाचंच स्टेशन आहे, तिथून चालत. काकांनी फोटो पाहिला, "झ्याक आलाय" म्हणाले आणि मासिक बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "कप आणलाय का?" तो तिने आणला होता. त्यांनी तो हातात घेतला, आधी वजन पाहिलं. काठावरून अंगठा फिरवला. उलटा करून बूड पाहिलं. मग नखाने टिचकी मारून कान लावून ऐकलं. चांगला ठण्ण वाजला.

"भाजणी चांगलीय, ताई. पण बूड जड राह्यलंय. आन् कान जाड झालाय जरा."

ताईंनी तिथल्या तिथे पर्समधून वही काढली आणि लिहून घेतलं.

मला एकदम गोरोबाकाका आठवले. शाळेत ऐकलेली गोष्ट. तेरला संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईने कोपऱ्यातलं थापटणं पाहून विचारलं, हे कशाला? गोरोबा म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते ह्याने कळतं. मग आमची डोकी बघा की! गोरोबांनी एकेका संताच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं. सगळे गप्प बसले, नामदेव मात्र रागावले, आणि निकाल लागला की हे मडकं कच्चं. पुढे नामदेव विसोबा खेचरांना शरण गेले वगैरे. लहानपणी मला ही गोष्ट नामदेवांवर अन्याय वाटायची. आता कळतं की जगातला पहिला कोड रिव्ह्यू तो हाच असावा. आणि त्यातली मेख अशी की तपासणारा स्वतः रोज मडकी घडवणारा होता. मासिकाने कप पाहिला. काकांनी वाजवला. दोन्हींत फरक आहे, आणि हिला तो चांगला कळतो, म्हणूनच मासिकाची फ्रेम अजून झाली नाही आणि 'बूड जड' मात्र वहीत गेलं.

'सेल्फ-टॉट'बद्दल तिने चाचरत काकांना सांगितलं. तुमचं नाव मी सांगितलं होतं हो, त्यांनी गाळलं. काका हसले. "बरं झालं. मागं एकदा पेपरात नाव आलं, तर आवा पेटवला की धुराची तक्रार करायला लोकांना नाव-पत्ता आयता सापडला. नाव ऱ्हाऊ द्या. दिवाळीला पणत्यांचं गिऱ्हाईक धाडा." म्हणून काकांचंही नाव इथे नाही. आणि त्यांचं ऐकून हिनेही मला बजावलं, "माझंही लिहू नकोस, सध्या ज्या ऑर्डर आल्यात त्याच डोक्यावरून पाणी आहेत."

इथून खरी गोष्ट सुरू होते. मासिक बाजारात आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात एका कंपनीतून मेल आला. स्टाफला दिवाळी भेट म्हणून कप हवेत. सहाशे. पाच आठवड्यांत. आणि मेलमध्ये एक ओळ जाड अक्षरात होती. सगळे एकसारखे हवेत, फोटोतल्यासारखेच.

म्हणजे ओघळासकट!

मी लगेच एक्सेल उघडलं. (सवय.) ती दिवसाला पंचवीस कप चाकावर काढते. दुसरा दिवस बूड आणि कानात जातो. आठातला एक कप कुठेतरी मरतो. सहाशे हातात यायचे तर सातशेच्या आसपास करायला हवेत. म्हणजे नुसतं घडवण्याचेच छप्पन्न दिवस. तिच्या भट्टीत सत्तर कप मावतात, म्हणजे दहा भट्ट्या, आणि प्रत्येक कप दोनदा भाजायचा. रविवार न घेता तीन महिने. पाच आठवड्यांत तिचे हात आणि तिची भट्टी एवढं देऊच शकत नाहीत. आणि रक्कम अशी की भट्टीच्या कर्जाचा उरलेला हप्ता-बिप्ता सगळा एका फटक्यात मिटला असता.

"अगं, साचा करून घे की," मी म्हटलं. प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा साचा करायचा, त्यात मातीचा पातळ घोळ ओतायचा. प्लॅस्टर पाणी शोषून घेतं, साच्याच्या भिंतीला मातीचा थर धरतो, उरलेला घोळ ओतून टाकायचा, की कप तयार. शंभर साचे असले तर रोज शंभर. खुर्ज्याकडे कारखान्यांतून असा माल वर्षानुवर्षं निघतोय आणि आपण सगळे त्यातूनच चहा पितो.

ती म्हणाली, "साच्याला मी नावं ठेवत नाही. आईची लोणच्याची बरणी कुणी कशी केली मला काय माहीत, पण तीस वर्षं लोणचं टिकवलंय तिने. मी साच्याचे कप काढीन आणि 'साच्याचे' म्हणून विकीन, त्यात काय वाईट आहे? पण हे लोक त्या पानावरचा शब्द वाचून आलेत रे. साच्यातून काढून वर हँडमेडचं लेबल लावायचं, ते मला नाही जमायचं."

खरं सांगतो, मला पटलं नाही. ग्लेझ तर हातानेच लावणार ना? कान तर हातानेच चिकटवणार ना? मग कुठल्या टक्क्यापर्यंत हँडमेड? आम्ही नाही का, अर्धं कोड मशीनकडून लिहून घेतो आणि कमिट स्वतःच्या नावाने टाकतो. बराच वाद झाला. ती हप्ते भरते, मी नाही, म्हणून मग गप्प बसलो.

त्यानंतर एक पुस्तक वाचनात आलं आणि ह्या प्रकाराला आपल्या आधी कुणी तोंड दिलंय हे कळलं. जपानमध्ये क्यूशू बेटावर हिता शहराजवळच्या डोंगरात ओन्ता नावाचं कुंभारांचं गाव आहे. जेमतेम दहा घरं भांडी करणारी. 1931 साली यानागी सोएत्सु तिथे गेला आणि त्याने त्या गावाबद्दल लिहिलं. हा माणूस म्हणजे सामान्य, अनामिक कारागिरांच्या रोजच्या वापरातल्या वस्तूंमध्ये खरं सौंदर्य असतं असं सांगणाऱ्या 'मिंगेई' चळवळीचा प्रणेता. त्याच वर्षी त्याने 'कोगेई' नावाचं मासिकही सुरू केलं होतं. 1954 साली प्रसिद्ध इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच ओन्तात राहून काम करून आला आणि मग गावाचं नाव सगळीकडे झालं. शहरातून माणसं यायला लागली, दुकानदार यायला लागले. शेती आणि जोडीला भांडी करणारी माणसं पूर्णवेळ भांडी करायला लागली. ब्रायन मोएरन नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने तिथे राहून 1984 साली ह्यावर पुस्तक लिहिलं, नाव 'लॉस्ट इनोसन्स'. अनामिकतेचं कौतुक केल्यामुळे माणसं प्रसिद्ध झाली, आणि कुणा एकाला प्रदर्शनात बक्षीस मिळालं की दहा घरांच्या गावात कुरबूर. कौतुकाने असंही होतं.

पण मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं पात्र माणूस नव्हेच. ओन्तात माती कुटायला ओढ्याच्या पाण्यावर चालणारे लाकडी कांडप आहेत. एका टोकाच्या खोलगट भागात पाणी भरतं, ते टोक खाली झुकतं, पाणी सांडतं, आणि दुसरं टोक धाडकन मातीवर आपटतं. दिवसरात्र. ओढा जेवढं पाणी देईल तेवढीच माती, आणि माती तेवढीच भांडी. तोक्योतून कितीही ऑर्डर येऊ देत, ओढा काही ओव्हरटाइम करत नाही! एपीआयला आपण रेट लिमिट लावतो ना, तसं ते निसर्गानेच लावून दिलेलं. त्यांनी ठरवलं असतं तर यंत्र आणून ते काढून टाकू शकले असते. कांडप अजून चालू आहेत. 1995 साली ह्या कामाला जपान सरकारने महत्त्वाचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. भांड्यांवर नाव असतं ते गावाचं.

हे मी तिला फोनवर सांगितलं. पलीकडे जरा शांतता. मग म्हणाली, "माझ्याकडे ओढा नाहीये. मलाच ओढा व्हावं लागणार."

तिने कंपनीला उत्तर लिहिलं. पाच आठवड्यांत शंभर देऊ शकते. एकसारखे होणार नाहीत, प्रत्येकाची उंची आणि रंग थोडा वेगळा असेल. सहाशे हवे असतील तर पुढच्या मार्चपर्यंत. कंपनीकडून दोन ओळींचं थँक्यू आलं आणि ऑर्डर दुसरीकडे गेली. इथे मला लिहायला आवडलं असतं की महिन्याभरात त्याहून मोठी संधी चालून आली वगैरे. तसं काही झालेलं नाही. हप्ते चालू आहेत. नवऱ्याने दिवाळीत तोंडावर काही म्हटलं नाही, पण ते न म्हणणंही ऐकू येत होतं म्हणे. आता तिच्या शेडमध्ये एक पाटी आहे, 'ऑर्डरची भट्टी महिन्याला दोन'. बाकीच्या भट्ट्या तिच्या स्वतःच्या खटपटींसाठी. बूड हलकं करायचा प्रयोग सध्या चालू आहे.

मी अजूनही शंभर टक्के तिच्या बाजूला आलेलो नाही. पण एक गोष्ट मला पटलीय. मासिकाने कौतुक केलं ते एका कपाचं. तो कप करताना हाताला जो वेळ मिळाला होता, त्याच्यावरच पहिला घाला त्या कौतुकाने घातला. छापणाऱ्याचा त्यात काही दोष नाही, त्याने चांगल्याच भावनेने छापलं. पण हाताने केलेल्या वस्तूचं कौतुक सोसायला हाताला मर्यादा लागते, आणि ती बाहेरून कुणी घालून देत नाही.

आणि राहून राहून दुसरा विचार येतो तो काकांचा. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सगळंच हाताने चाललंय. संक्रांतीची सुगडं, दिवाळीच्या पणत्या, उन्हाळ्यातले माठ. त्यांना हँडमेडचं लेबल कुणी लावत नाही, उलट डझनामागे पाच रुपये कमी करा म्हणून आपण हुज्जत घालतो. हिचा कप चांगला कारण 1200 अंशांच्या पुढे माती काचेसारखी घट्ट होते, चहा झिरपत नाही. काकांचा माठ चांगला कारण तो कमी अंशांवर भाजलेला, सच्छिद्र राहतो. पाणी अंगातून पाझरतं, बाहेर वाफ होऊन उडतं, आणि उडताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. विजेशिवाय चालणारा फ्रीज आहे तो! फार भाजला तर पाझरणार नाही, कमी भाजला तर विरघळेल. मधली ती नेमकी जागा काका आव्यातल्या जाळाच्या रंगावरून ओळखतात. वही नाही, थर्मोकपल नाही.

असो. उन्हाळा तोंडावर आलाय. माठ घ्यायला जाल तेव्हा आपल्या आज्ज्या करायच्या तसं करा. उचलून बघा, आत हात घालून बघा, बोटाच्या पेराने वाजवून बघा. बद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे, खाली ठेवा. ठण्ण वाजला तर सांगितलेले पैसे द्या आणि करणाऱ्याचं नाव विचारून घ्या. कुठे छापायला नव्हे, पुढच्या वर्षी त्याच्याचकडे जाता यावं म्हणून.